धागा: ४१,३०० रुपये भरले, नाली कुठं आहे? (विकास शुल्क ठरवतात तरी कसं?)

काळीमाती_३०बाय५० | ९ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं कोण कोणाचा भाचा निघेल सांगता येत नाही. २०१५ पर्यंत आमची ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. बोर्ड बदलला, कर वाढला.

गावाबाहेर एका मंजूर लेआऊटमध्ये ३० बाय ५० चा प्लॉट घेतला, रीतसर परवानगी काढून घर बांधलं. फेब्रुवारीत वास्तू झाली. मृगाचे दोन पाऊस पडले आणि आमच्या घराचं बेट झालं. गाडी रोडवरच्या पानठेल्यापाशी लावतो, पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. काळ्या मातीत चपलेला दोन-दोन किलो गारा चिकटतो हे वावरात माहीत होतं, अंगणात आत्ता कळून राहिलं. नाली नाही, रस्ता म्हणजे चार वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेला मुरूम, तो मातीनं केव्हाच गिळला.

परवानगीच्या वेळी माझ्याकडून ४१,३०० रुपये विकास शुल्क घेतलं. पावती आहे. माझे दोनच प्रश्न. हा आकडा कोण, कशावरून ठरवतो? आणि पैसे घेतले तर विकास कुठं आहे?

खरंखुरं_बोलतो | ९ जुलै, रात्री ९.५८

भाऊ, विकास झाला ना. कोणाचा झाला ते इचारू नका.

बाकी तुमाले पावती तरी भेटली. आमच्या इकडं तेही नाई.

निवृत्त_ओव्हरसियर | ९ जुलै, रात्री १०.३०

टिंगल बाजूला ठेवा. काळीमाती, ४१,३०० हे सगळं विकास शुल्क असणं शक्य नाही. तुमच्या गावात, तुमच्या प्लॉटवर, एवढं बसूच शकत नाही. डिमांड नोट काढा आणि हेडवार आकडे इथं टाका. मी नगर परिषदेत सत्तावीस वर्षं काढली. माणूस खालची बेरीज तेवढी वाचतो, वरच्या ओळी कोणी वाचत नाही.

काळीमाती_३०बाय५० | १० जुलै, सकाळी ७.१५

काढली. कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होती. अशी आहे:

विकास शुल्क ६,८१२
छाननी शुल्क ९००
कामगार कल्याण उपकर १८,०००
प्रशमन शुल्क ११,५८८
अनामत (रेन वॉटर हार्वेस्टिंग) ४,०००

बेरीज बरोबर ४१,३००. ओव्हरसियर साहेब, हे प्रशमन काय असतं?

निवृत्त_ओव्हरसियर | १० जुलै, सकाळी ८.०५

प्रशमन म्हणजे परवानगीच्या आधीच काम चालू केलं म्हणून भरलेला दंड. जोतं केव्हा काढलं होतं?

काळीमाती_३०बाय५० | १० जुलै, सकाळी ८.२०

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेला. मंजुरी मे अखेर आली. आईनं मुहूर्त काढला होता, आता आईला काय सांगता.

खरंखुरं_बोलतो | १० जुलै, सकाळी ८.२२

११,५८८ रुपयाचा मुहूर्त 😀

निवृत्त_ओव्हरसियर | १० जुलै, दुपारी १.१०

जेवण झालं, आता सविस्तर लिहितो. लांबेल.

आधी जे विकास शुल्क नाही ते बाजूला काढू. १८,००० हा बांधकाम कामगार उपकर, १९९६ च्या केंद्राच्या कायद्यातला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का. तुमचा खर्च १८ लाख धरलेला दिसतो. तुमच्या परवानगीच्या वेळी, २०२५ पर्यंतच्या नियमात, स्वतःला राहायचं घर १० लाखांच्या आत असेल तर तो लागत नव्हता, तुम्ही वर गेलात. हा पैसा नगरपंचायतीचा नाही, ती गोळा करून कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवते. तुमच्या गल्लीत नोंदणीकृत मिस्त्री-मजुरांना भांड्यांचे संच मिळाले असतील, त्यातला एखादा कुकर तुमचा समजा. अनामत परत मिळते, पूर्णत्वाचा दाखला घेताना मागा, लोक विसरतात.

म्हणजे तुमच्या नालीच्या नावानं गेले फक्त ६,८१२.

आता हे ६,८१२ कुठून आले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात १९९२ साली सहा-अ नावाचं प्रकरण घातलं, कलम १२४-अ पासून पुढे. जमिनीचा विकास किंवा बांधकाम करणाऱ्याकडून नियोजन प्राधिकरणानं विकास आकार, म्हणजे हेच विकास शुल्क, घ्यायचा, असं ते म्हणतं. सुरुवातीला चौरस मीटरला अमुक रुपये असे दर होते. नंतर ते बाजारमूल्य दरपत्रकाला, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्याला, बांधले. निवासी असेल तर जमिनीच्या विकासाला त्या दराच्या ०.५ टक्के आणि बांधकामाला २ टक्के. औद्योगिकला दीडपट, वाणिज्यला दुप्पट.

तुमचा प्लॉट १,५०० चौ. फूट, म्हणजे १३९.३५ चौ. मी. तुमच्या आकड्यावरून उलटं गणित केलं तर रेडी रेकनर २,२०० धरलाय आणि बांधकाम १२० चौ. मी. जमिनीचे ११ रुपयांनी १,५३२. बांधकामाचे ४४ रुपयांनी ५,२८०. झाले ६,८१२. कारकुनानं चूक केलेली नाही.

आता गंमत बघा. या पूर्ण हिशेबात नाली कुठं आली? रस्ता कुठं आला? कुठंच नाही. तुमच्या लेआऊटला किती मीटर नाली लागते, तिला किती सिमेंट लागतं, हे कोणी विचारलेलंच नाही. जमीन कितीची हे विचारलं, टक्का लावला, संपलं. मी सत्तावीस वर्षं हे गुणाकार तपासून सह्या केल्या आणि एकदाही मनात आलं नाही की आपण नाली न मोजता नालीचे पैसे घेतो आहोत. निवृत्तीनंतर असलं फार सुचतं.

मीना_वरुड | १० जुलै, दुपारी ३.४५

छान समजावलंत सर. एक शंका. माझी बहीण नागपूरला राहते. तिथं जमिनीचा रेडी रेकनर आमच्यापेक्षा कितीतरी पट. म्हणजे शुल्कही तितके पट. पण सिमेंटच्या बॅगचा भाव तर वरुडात आणि नागपुरात सारखाच, उलट आमच्याकडे गाडीभाडं जास्त. मग त्यांची नाली होणार आणि आमची नाही, असंच ना?

निवृत्त_ओव्हरसियर | १० जुलै, दुपारी ४.३०

अगदी तसंच. शिवाय ज्या शहरांत मेट्रोसारखा मोठा वाहतूक प्रकल्प आहे तिथं हा आकार आणखी वाढवायची सोय कायद्यात केली आहे. छोट्या गावाला ना मेट्रो, ना जमिनीला भाव. १९९९ साली नगर परिषदांची जकात गेली, तेव्हापासून आपली गावं अनुदानावर. सहायक अनुदानात पगार, नगरोत्थानमध्ये रस्ता, दलित वस्तीच्या पैशात नाली, उरलं तर आमदार निधी. विकास शुल्क म्हणजे भाजीवर टाकलेली कोथिंबीर.

आणि जमिनीखाली काय आहे हेही टक्केवारीला कळत नाही. यवतमाळच्या टेकडीवर मुरूम लागतो, रस्ता वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्याकडे काळी माती. ती उन्हाळ्यात हातभर फाटते, पावसाळ्यात फुगते. दीड-दोन फूट खोदून माती काढून टाकली नाही, खाली मुरूम दाबला नाही, तर तिसऱ्या वर्षी नालीची भिंत आडवी. म्हणजे जिथं खर्च जास्त तिथं जमीन स्वस्त, आणि जमीन स्वस्त म्हणून शुल्क कमी.

दर्यापूरकर_परदेशी | ११ जुलै, पहाटे ४.५०

मूळ दर्यापूरचा, सध्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. इकडे दुपार आहे, म्हणून पहाटेचं पोस्ट दिसतंय. धागा वाचून राहवलं नाही, कारण हाच वाद इथं सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

आमच्या शेजारचा एल डोराडो परगणा, डोंगरातला, ग्रामीणच म्हणा. तिथल्या जॉर्ज शीट्झ नावाच्या माणसाला प्लेसरव्हिल गावाजवळ आपल्या जागेवर एक छोटं तयार घर ठेवायचं होतं. परगण्यानं सांगितलं, रस्त्यांवर वाहतूक वाढेल, तर २३,४२० डॉलर भरा. त्यानं भरले आणि भांडला. म्हणणं एवढंच, माझ्या एका घरामुळे रस्त्यावर नेमका किती भार पडतो ते मोजा आणि तेवढेच घ्या, ठरलेल्या तक्त्यातून आकडा उचलून माझ्या माथी मारू नका. खालची कोर्टं म्हणाली, तक्ता लोकप्रतिनिधींनी मंजूर केलाय, त्याला ही कसोटी लागत नाही. १२ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की सभागृहानं मंजूर केलं म्हणून सूट मिळत नाही, आणि केस परत खाली पाठवली. तक्ताच चुकीचा असं मात्र कोर्टानं म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या. व्हॉट्सॲपवर लोक उलटं सांगत होते.

इथं शुल्क ठरवायची रीत वेगळी आहे. आधी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किती घरं वाढणार याचा अंदाज. मग त्यांच्यासाठी कोणते रस्ते, पाइप, अग्निशमन, बगीचे लागणार याची यादी आणि खर्च. त्यातून जुन्या वस्तीचा आधीपासूनचा तुटवडा वजा करायचा, कारण जुनी उणीव नव्या माणसाच्या खिशातून भरता येत नाही. जे उरलं ते नव्या घरांवर वाटायचं. याला नेक्सस स्टडी म्हणतात. शुल्क आणि काम यांची नाळ कागदावर दाखवावी लागते. १९८७ च्या कायद्यानं हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि पडून राहिलेल्या पैशाचं काय करणार हे दर पाच वर्षांनी लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर परत करायची पाळी येते.

फार हुरळून जाऊ नका मात्र. इथं हे शुल्क इतकं फुगण्याचं एक कारण असं की १९७८ च्या जनमतानं घरपट्टी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकली आणि मूल्यही वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मग जुन्या मालकांना हात लावता येत नाही म्हणून गावं नव्या येणाऱ्याला धरतात. माझ्या पगारात इथं घर होत नाही, त्यात या शुल्काचाही वाटा आहे.

खरंखुरं_बोलतो | ११ जुलै, सकाळी ९.०५

२३ हजार डॉलर भरून तो माणूस सुप्रीम कोर्टात गेला. आमचा काळीमाती ६,८१२ भरून पानठेल्यावर गेला. फरक समजला काय?

(हलकं घ्या भाऊ. माणसं पानठेल्यावरच जमतात.)

पांदणरस्ता_सरपंच | ११ जुलै, रात्री १०.१५

मी एका लहान गावाची सरपंच. तालुक्याच्या हद्दीला लागून आमचं गाव. तुमची भांडणं वाचून थोडा हेवाच वाटला, तुम्हाला शुल्क तरी आहे.

आमच्या शिवारात काय होते सांगते. नगरपंचायतीच्या हद्दीत परवानगी, शुल्क, टीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, नकाशा. रस्त्याच्या या बाजूला आमची हद्द. म्हणून दलाल इकडे येतात. एक एकर वावर घ्यायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, गुंठा-गुंठा बाँड पेपरवर विकायचं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, तरी विकतात. सातबाऱ्यावर नाव चढत नाही, मग लोक आमच्याकडे येतात, "ताई, नमुना ८ ला, घरपट्टीच्या रजिस्टरला, तरी नाव घ्या." घेतलं तर बेकायदेशीर, नाही घेतलं तर घरपट्टी बुडते आणि मतही बुडते.

पाणी मात्र सगळ्यांना पाहिजे. जलजीवनची टाकी माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं, गावच्या लोकसंख्येवर बांधली. त्या हिशेबात हे नवे प्लॉटवाले नव्हते. आता उन्हाळ्यात जुन्या गावात एक दिवसाआड पाणी, आणि भांडण आमच्या दारात. पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२१ ते २०२६) पैसे आले त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. त्या चाळीसमध्ये अंगणवाडीचं छत, स्मशानाचं शेड, दिवाबत्ती. नवीन वस्तीची नाली कशातून करू?

नगरपंचायत म्हणते ते आमच्या हद्दीत नाही. टीपीवाले म्हणतात मंजूर नाही, म्हणजे कागदावर ती वस्तीच नाही. तिथं एकशे दहा घरं आहेत. लग्नं होतात, बारसी होतात.

मीना_वरुड | ११ जुलै, रात्री १०.५०

ताई, पुढेमागे हद्दवाढ झाली की ही घरं नगरपंचायतीत जातील. मग गुंठेवारी कायद्यात नियमित होतील. २००१ चा कायदा, २०२१ ला दुरुस्त केला, आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. तेव्हा दंडासकट शुल्क भरतील. आधी घर, मग शुल्क, नाली नातवाच्या लग्नाला.

लेआऊटवाला_माणूस | १२ जुलै, सकाळी ११.३०

सगळे दलालांवर घसरले म्हणून लिहितो. मी हाच धंदा करतो. मंजूर लेआऊट करतो, बाँड पेपरवाला नाही.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यातून ९ मीटरचे रस्ते सोडा. लेआऊट ०.४ हेक्टर किंवा वर असला की १० टक्के मोकळी जागा सोडा. मोठा असेल तर आणखी. हातात राहतात बावीस-चोवीस गुंठे. अकृषक, मोजणी, टीपी, विकास शुल्क, वरचं पाणी वेगळं (समजणाऱ्याला समजलं). आणि रस्त्याच्या पलीकडे तो बाँडवाला चाळीसचे सदतीस गुंठे विकतो, माझ्या निम्म्या भावात. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "त्याचा स्वस्त कसा?" नाली दाखवली तर म्हणतो, "नाली नको, भाव कमी करा." हे मी शंभर वेळा ऐकलंय. काळीमातीसाहेब, तुम्ही प्लॉट घेताना नाली विचारली होती का?

काळीमाती_३०बाय५० | १२ जुलै, दुपारी १२.१०

खरं सांगतो. नव्हती विचारली. बसस्टँड किती लांब ते विचारलं, आणि वास्तूचं तोंड. उत्तरेकडे होतं म्हणून खूश झालो.

निवृत्त_ओव्हरसियर | १२ जुलै, दुपारी २.४०

लेआऊटवाल्यांनी मुद्दा बरोबर धरला आणि अर्धवट सोडला. पुढचं मी बोलतो.

मंजूर लेआऊटमध्ये दोन वेगळी ओझी असतात. लेआऊटच्या आतले रस्ते, नाल्या, खांब ही विकसकाची जबाबदारी. मंजुरीच्या अटींतच लिहिलेलं असतं. त्यानं ती करून नगरपंचायतीला हस्तांतरित करायची. आतलं पाणी ज्या मोठ्या नालीत जाऊन पडेल ती नाली, मुख्य रस्ता, टाकी, हे नगरपंचायतीचं, त्यासाठी विकास शुल्क. काळीमाती ज्या नालीसाठी ओरडतोय ती बहुतेक त्याच्या ६,८१२ मधली नाहीच. ती प्लॉटच्या किमतीत त्यानं आधीच दिलेली आहे.

आता दर्यापूरकरांची रीत आपल्या गावाला लावून बघू. हे समजा म्हणून धरलेले आकडे आहेत, कोणी छापू नका. समजा गावाच्या त्या अंगाला ४० एकरात पुढच्या दहा वर्षांत ६०० प्लॉट होणार. बाहेरची मोठी नाली आणि एक पूल मिळून खर्च १ कोटी २० लाख. जुनी वस्तीही त्याच नालीवर आहे, तिचा वाटा ४० टक्के, ४८ लाख, तो घरपट्टीतून नाहीतर अनुदानातून. उरले ७२ लाख. भागिले ६००. प्लॉटमागे १२,०००.

टक्केवारीनं भरले ६,८१२. म्हणजे काळीमातीनं जास्त नाही, कमीच भरलेत! पण १२,००० वाल्या हिशेबात माणूस बोट ठेवून विचारू शकतो, पूल कुठं आहे? ६,८१२ वाल्यात बोट ठेवायला जागाच नाही.

मीना_वरुड | १२ जुलै, दुपारी ३.२०

सर, इथं मी तुमच्याशी सहमत नाही.

माझ्या शाळेतल्या मदतनीस बाई पंतप्रधान आवासमध्ये घर बांधतात. शहरी भागात अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे, एक राज्याचा. त्या अडीच लाखांत बारा हजार म्हणजे छपरावरची निम्मी टिनं. आणि गावातला कापूस व्यापारी तीन मजले चढवतो, त्यालाही बाराच हजार? टक्केवारीत निदान भारी जागेवर मोठं घर बांधणारा जास्त भरतो. ती रीत आंधळी आहे हे मान्य, पण तिचं आंधळेपण गरिबावर कमी पडतं.

आणि माझ्या आजोबांच्या काळातल्या वाड्यांनी तर एक पैसा भरला नाही. पूल त्यांच्याही कामाचा.

निवृत्त_ओव्हरसियर | १२ जुलै, दुपारी ४.००

बाई, प्लॉटमागे न घेता चौरस मीटरमागे घ्या, मग व्यापारी आपोआप जास्त देईल. घरकुलाला सूट द्या आणि तो खड्डा अनुदानातून भरा. पण सूट किती दिली हेही नगरपंचायतीच्या फळ्यावर लिहा. माझा आग्रह भागाकाराचा कमी, फळ्याचा जास्त.

तुमचा वाड्यांचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. त्यावर घरपट्टीशिवाय इलाज नाही, आणि घरपट्टीची फेरआकारणी निघाली की मोर्चा निघतो. त्या मोर्च्यात आपण दोघंही असू.

दर्यापूरकर_परदेशी | १३ जुलै, पहाटे ५.१५

मीनाताईंनी इथलाच वाद मांडला. इकडेही आता घराच्या आकारमानाप्रमाणे शुल्क घ्या म्हणून जोर आहे. छोट्या घराला आणि बंगल्याला एकच आकडा लावला की बंगलेच बांधले जातात.

खरंखुरं_बोलतो | १३ जुलै, सकाळी ८.३०

तुमी सगळे हुशार. पण मले एक सांगा, हे विकास शुल्काचे पैसे जमा होऊन जातेत कुठी? काळीमाती, तो इचार पह्यले. दहा रुपयाचं तिकीट लावून माहिती अधिकार टाका. आमच्या मोहल्ल्यात दोघांनी टाकला होता तं खांबावर बल्ब लागला. उत्तर नाई आलं, बल्ब आला.

निवृत्त_ओव्हरसियर | १३ जुलै, सकाळी ९.१०

हा माणूस पहिल्यांदा कामाचं बोलला. कायद्यातच आहे की हा पैसा वेगळ्या हेडखाली ठेवायचा आणि सार्वजनिक सोयींसाठी वापरायचा. अर्जात लांबलचक लिहू नका. तीनच गोष्टी मागा. एक, नगरपंचायत झाल्यापासून वर्षवार जमा विकास शुल्क. दोन, त्यातून झालेल्या कामांची यादी. तीन, तुमच्या लेआऊटच्या मंजुरीच्या अटींची प्रत आणि रस्ते-नाल्या हस्तांतरित झाल्याचा कागद. तिसरं विसरू नका. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात.

काळीमाती_३०बाय५० | १३ जुलै, रात्री ९.००

टाकला. आवक क्रमांक घेतला. बाबूनं वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणाला, "तुम्ही तर आपले माणूस."

काळीमाती_३०बाय५० | १४ ऑगस्ट, रात्री ९.३०

धागा वर आणतो. उत्तर आलं, एकतिसाव्या दिवशी.

वेगळं हेड आहे! मला वाटलं होतं सगळं खाऊन टाकलं असेल. नाही. वर्षाला कधी दीड लाख, कधी दोन-सव्वादोन. एका वर्षी चौकात हायमास्ट लावला, एकदा बगीच्याला तार-कुंपण. बाकीचे बँकेत पडून आहेत. खात्यात नऊ लाखांच्या वर. कारण विचारलं तर तोंडी म्हणाले, एवढ्यात मोठं काम निघत नाही, आणि लहान काम काढलं तर सतरा प्रभाग सतरा दिशांना ओढतात. कोणाच्या प्रभागात करायचं यावर एकमत होत नाही म्हणून पैसे सुखरूप आहेत.

आता तिसरा कागद. मंजुरीच्या अटीत स्वच्छ लिहिलंय, आतले रस्ते खडीकरण करून, दोन्ही बाजूंनी पक्क्या नाल्या बांधून, मग हस्तांतरण. हस्तांतरणाच्या कागदापुढे शेरा, "अप्राप्त." म्हणजे रस्ता अजून नगरपंचायतीचा नाहीच. ज्याचा आहे त्यानं प्लॉट विकून दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही.

मी आणि शेजारचे अकरा जण मिळून मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. माणूस बरा वाटला. म्हणाले, विकसकाला नोटीस काढतो. बाहेरची जोडनाली आमच्या पैशातून घेता येईल, पण किती लांब, कुठून कुठं, उतार कुठं, हे कोणी मोजलेलंच नाही. इंजिनिअर एक आणि त्याच्याकडे दोन गावांचा चार्ज. तुम्ही प्राथमिक मोजून आणा, पुढच्या सभेत विषय ठेवतो.

मीना_वरुड | १४ ऑगस्ट, रात्री ९.५०

नऊ लाख पडून! आणि आम्ही इथं कॅलिफोर्नियाला जाऊन आलो.

लेआऊटवाला_माणूस | १४ ऑगस्ट, रात्री १०.०५

नोटिशीनं काही होणार नाही. त्याचे न विकलेले प्लॉट शिल्लक आहेत का बघा. हस्तांतरण होईपर्यंत त्या प्लॉटांवर बांधकाम परवानगी देऊ नका म्हणून लेखी मागा. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथंच दुखतं. माझं नाव सांगू नका.

पांदणरस्ता_सरपंच | १४ ऑगस्ट, रात्री १०.४०

तुमची जोडनाली शेवटी कुठं सोडणार? उतार पाहिला तर आमच्याच नाल्यात येईल, त्या एकशे दहा घरांच्या मागून. मोजायला जाल तेव्हा मलाही कळवा. दोन्ही हद्दी एकदाच मोजू.

काळीमाती_३०बाय५० | १४ ऑगस्ट, रात्री १०.५५

ताई, रविवारी सकाळी ७ ला, पानठेल्यापाशी या. ऊन व्हायच्या आत उरकू. आमच्याकडे मिस्त्रीची पाण्याची नळी आहे लेव्हल बघायला. टेप फक्त पाच मीटरचा. कोणाकडे मोठा आहे का?

निवृत्त_ओव्हरसियर | १४ ऑगस्ट, रात्री ११.२०

माझ्याकडे ३० मीटरचा आहे, निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहून गेला होता. पहिल्या एसटीनं येतो. नळी बारा-पंधरा मीटरची आणा, आखूड नळीनं उतार चुकतो. आणि चुना घ्या, दोन किलो.

खरंखुरं_बोलतो | १४ ऑगस्ट, रात्री ११.२४

चुना म्या आणतो.